अंगठ्याखालचा कोपरा

३ मार्च, मंगळवार

परत नख सुटलं! वकीलबाई आज दारातूनच हात पुढे करून आल्या. मधल्या बोटावर मी बसवलेलं ॲक्रिलिकचं नख मुळाशी, डाव्या कोपऱ्यात सुटलेलं आणि त्या फटीत काय काय साठलेलं – पीठ, साबण, कसलंसं क्रीम, आणि तळाला हिरवट डाग. मी काडीनं जरा उचकलं तर असा भपकारा आला की दुपारचं जेवण घशाशी आलं. शी! आणि हे सगळं घेऊन बाई चार लोकांत हस्तांदोलन करत फिरतात.

वर मलाच म्हणतात, "तुमच्याकडचं टिकतं म्हणून येते मी एवढ्या लांब. आता तुमचंही टिकेना." सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात. कोर्टातली सवय, दुसरं काय.

या बाई नखांनी डब्यांची झाकणं उघडतात, स्टिकर खरवडतात, आणि कंटाळा आला की नखं चावतात. दातांच्या खुणा दिसतात मला. पण हे सगळं त्या पूर्वीही करायच्या. तेव्हा टिकत होतं.

मॅडम मागून येऊन कानात म्हणाल्या, "झाकून टाक गं, वरून गडद रंग दे." मी नाही दिला. ते बोट मोकळं सोडलं, बाईंना सांगितलं की हिरवं जाईपर्यंत यावर काही चढवायचं नाही. घाण झाकून वर थापणाऱ्यांतली मी नाही. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे.

५ मार्च, गुरुवार

मॅडमनी आज सकाळी झाडू मारायच्या आधीच सांगून टाकलं. पुलापलीकडच्या नव्या इमारतींत दुसरं दुकान काढतायत. तिथं पूर्ण जबाबदारीनं कुणीतरी बसायला हवं. मी किंवा टिकटिक. "बघते दोघींचं काम, मग ठरवते," म्हणाल्या. जसं काही इतकी वर्षं डोळे मिटूनच बसल्या होत्या.

मला ते दुकान हवंय. इथं लिहून टाकते, कारण तोंडानं म्हणायची सोय नाही. त्या जागेला खिडक्या आहेत म्हणे. आमच्या या बिळात एक पंखा, तोही वास बाहेर टाकायच्या ऐवजी गोल गोल फिरवतो. घरी गेले की सासूबाई आधी नाकाला पदर लावतात, मग "आलीस का" विचारतात. मला किल्ली हवीय. माझ्या पद्धतीनं टेबलं मांडायचीयत. गिऱ्हाइकाला "बाई, आधी हात धुऊन या" असं मॅडमकडे न बघता सांगायचंय.

टिकटिक म्हणजे समोरच्या टेबलावरची. दिवसभर च्युइंगगम चघळते आणि हात रिकामा असला की स्वतःची नखं टेबलावर वाजवते. टिक टिक टिक. एक दिवस मी तिचा हात फेव्हिकॉलनं चिकटवणार आहे. कामात चटपटीत आहे, नाही म्हणत नाही. पण नख तयार करायला जेवढा वेळ द्यायला हवा त्याच्या निम्मा देते. आणि तिची टिकतात! हा कुठला न्याय?

८ मार्च, रविवार

आज आणखी एक परत आली. बँकेतली उंच मुलगी. पुन्हा मुळाशी, डाव्या कोपऱ्यातच. मी मुकाट्यानं दुरुस्त करून दिलं. मॅडम काउंटरवरून बघत होत्या.

मी काय चुकतेय? मी कातडी मागं सारते, नखावर चढलेला पातळ पापुद्रा खरवडून काढते, तुळतुळीतपणा जाईपर्यंत कानस फिरवते, धूळ झटकते, तेल उडवणारं पाणी लावते. मग अंगठा फिरवून बघते – खरखरीत लागतंय ना? तसं लागलं की पकड धरवणारा प्रायमर, आणि मगच ब्रशनं ओलं ॲक्रिलिक. कातडीला न टेकवता. टेकलं की तिथूनच सुटायला लागतं, हे काल शिकायला आलेलीलाही कळतं. हे सगळं मी झोपेतही करीन.

अंगठा फिरवायची पद्धत माझी एकटीची. बाकीच्या नुसत्या डोळ्यांनी बघतात. डोळ्यांना काय दिसतंय? या दिव्यांखाली सगळंच चांगलं दिसतं. माझा अंगठा मला कधी फसवत नाही. म्हणून तर मी हातमोजे घालत नाही.

९ मार्च, सोमवार

सुट्टी. घरी बसून गिऱ्हाइकांना शिव्या घातल्या, मनातल्या मनात. हातांचा मला आता वीट आलाय. लोकांना वाटतं नखांचं काम म्हणजे रंगरंगोटी. कुणी येऊन बघा! नखाखाली मासळीचा खवला घेऊन आलेली बाई बघा. हाताला फोड आलेत ते लपवून "जरा नाजूक करा" म्हणणारी बघा. नाक कोरून तोच हात माझ्या हातात देणारी तर परवाच येऊन गेली. मी हसून "कोणता रंग?" विचारते.

माझे स्वतःचे हात काही बघण्यासारखे नाहीत. बोटांची टोकं फाटलीयत, डाव्या अंगठ्याला तर मधोमध भेग. मिठाला हात लावला की ब्रह्मांड आठवतं. थंडीत व्हायचं थोडंसं, यंदा थंडी गेली तरी जात नाही. ॲप्रनच्या खिशात मलमाची ट्यूब ठेवते. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये चोळते, पुसते, पुढचीला बसवते.

१२ मार्च, गुरुवार

आता माझी खात्री झालीय. बाटली!

टिकटिकच्या टेबलावरचा प्रायमर नवा आणि माझा तळाला गेलेला. मॅडम त्यात काहीतरी ओतत असणार, नाहीतर टिकटिक. आज जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर गेल्यावर बाटल्यांची अदलाबदल केली. माझी तिला, तिची मला. ॲप्रनखाली बाटली लपवून नेताना स्वतःचीच लाज वाटली. या वयात काय ही चोरी! पण लाज वाटूनही केलंच.

१९ मार्च, गुरुवार

तिच्या बाटलीनं केलेली दोन सुटली. माझ्या बाटलीनं तिनं केलेलं एकही नाही.

आज वकीलबाई आल्या आणि सरळ टिकटिकच्या टेबलावर जाऊन बसल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. टिकटिकला बिचारीला अवघडल्यासारखं झालं. "ताई, मी काय करू?" अशी नजर टाकली तिनं. मी पाण्याचा ग्लास घेऊन मागच्या खोलीत गेले आणि तिथं उभी राहून रडले. पेटारे, टॉवेलांचा ढीग, उकळलेल्या चहाचा वास – आणि मी. कुणी आलं असतं तर धूळ गेली डोळ्यांत म्हटलं असतं. आमच्या धंद्यात एवढी एक सोय आहे.

२० मार्च, शुक्रवार

नणंद आली होती. हिला फुकट नखं हवीच असतात. एरवी मी टाळते, पण आज डोक्यात एक आलं आणि म्हटलं, "ये गं, दुकानातच ये." तिचा उजवा हात मी केला, डावा टिकटिककडून करून घेतला. एकच बाई, एकच बाटली, एकच पावडर, एकच दुपार. टिकटिकला सांगितलं, वेळ वाचेल म्हणून.

"वहिनी, मी काय दोन सुनांचं घर आहे का अर्धं अर्धं वाटून घ्यायला?" म्हणे. ही हसली, टिकटिक हसली. मीही हसले.

२२ मार्च, रविवार

नणंदेला फोन केला. "आहेत का गं सगळी?" "अगं वहिनी, परवा तर केलीस!" पाच मिनिटं नवऱ्याची गाऱ्हाणी ऐकून घेतली. नखांविषयी अजून काही नाही.

२९ मार्च, रविवार

उजव्या हाताची तीन सुटलीयत. डाव्या हाताचं एकही नाही.

नणंद घरी येऊन बसली होती आणि मी तिचा हात खिडकीशी धरून बघत होते. तीनही एकाच जागी. मुळाशी, माझ्या बाजूनं डावा कोपरा. मी तिचं बोट नेहमी धरते तसं धरलं आणि माझा अंगठा आपोआप त्या कोपऱ्यावर जाऊन बसला. नेमका! सुटलेला भाग आणि माझ्या अंगठ्याचं पेर, दोन्ही एकाच मापाची.

मलम! पाणी लावून नख कोरडं ठक्क करायचं आणि मग त्यावर मलमाचा अंगठा फिरवायचा. पुसलेला असला म्हणून काय झालं, भेगेत मुरलेलं पुसून जातंय थोडंच? मी स्वतःच्या हातानं प्रत्येक नखाला तेल लावत होते आणि दुनियेला दोष देत होते.

नणंद म्हणाली, "वहिनी, माझ्या हाताला काय झालंय? तू अशी का बघतेयस?" म्हटलं, काही नाही, चहा घेतेस का. आणि अंगठा मुठीत लपवला. इतकी किळस त्या हिरव्या नखाचीसुद्धा वाटली नव्हती.

बाटल्या मंगळवारी सकाळी लवकर जाऊन परत जागच्या जागी ठेवायच्या आहेत.

२ एप्रिल, गुरुवार

मलम बंद केलं. अंगठा फिरवणंही बंद. दोनच दिवसांत बोटं फुटून रक्त यायला लागलं. आज गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या टॉवेलवर एक थेंब पडला. टॉवेल घडी करून खाली सरकवला, तिच्या लक्षात आलं नाही. काळे हातमोजे घालून काम केलं. आत बोटं अशी खाजतात की वाटतं मोज्यांसकट दातांनी ओरबाडावीत.

नखं मात्र टिकतील. मला माहितीय.

३ एप्रिल, शुक्रवार

चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. कशाची ॲलर्जी आहे ते बघायला त्यांनी पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीखाली काहीतरी वेगळं. आंघोळ करायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही. एप्रिलमध्ये! सासूबाईंना पाठ मुरगळलीय म्हणून सांगितलं. त्या शेकायला आल्या. त्यांना थोपवता थोपवता पुरेवाट झाली.

८ एप्रिल, बुधवार

पट्ट्या काढल्या. एका पट्टीखाली रुपयाएवढा लालभडक चट्टा, फोड आलेला. डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून दाखवला. मी म्हटलं, कसला आहे? त्या म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर ज्यात ब्रश बुडवता ना, तेच."

मलम जन्मभर लावलं तरी उपयोग नाही. शरीरानं एकदा त्याला नाही म्हटलं की ते परत हो म्हणत नाही. पातळ मोज्यांतूनही ते झिरपतं. घासलेल्या नखांची धूळ अंगावर बसते, त्यानंही होतं. "किती वर्षं उघड्या हातांनी करताय?" "काम बदला," म्हणाल्या. चष्मा पुसत पुसत. जसं काही काम म्हणजे साडी आहे, ही नको तर ती नेसा.

मला दुसरं काहीही येत नाही. हे लिहिताना पेन नीट धरवत नाहीये.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता ते पुलापलीकडचं?" मी म्हटलं, ज्या बाईला नखाला हात लावता येत नाही तिला दुकान कोण देईल? मॅडमना कळता कामा नये एवढंच. तो माझे हात हातात घ्यायला आला तर मी मागं घेतले. कुणी हात लावू नये असं वाटतं.

११ एप्रिल, शनिवार

मॅडमनी आत बोलावलं.

मला वाटलं, झालं. हातमोजे बघितलेच असणार. आत गेले तर दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "काढ."

"काय, मॅडम?"

"मोजे काढ गं. मी काय आंधळी आहे?"

काढले. त्यांनी माझा अंगठा दिव्याखाली धरून उलटासुलटा केला, मी गिऱ्हाइकाचा करते तसा. चेहरा जराही हलला नाही. मग त्यांनी स्वतःची बोटं पुढे केली. मॅडमची नखं कायम लाल, लांब. एकाला चिमटीत धरून ओढलं तर ते टपकन निघून आलं. वरून चिकटवायचं तयार नख होतं ते, दुकानात मिळतं तसलं. आणि खाली! खाली नख नव्हतंच म्हणायला. पिवळं, जाड, चुरगळलेलं काहीतरी, अर्धं मांसापासून सुटलेलं. मी नजर फिरवली.

"दहाही अशीच," म्हणाल्या. "म्हणून मी काउंटरवर बसते. तुला काय वाटलं, मालकीण म्हणून बसते?"

मग म्हणाल्या, पुलापलीकडचं दुकान तुझं.

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "मॅडम, पण माझे हात –"

"म्हणूनच. टिकटिकचे हात अजून चालतायत. चालत्या हाताला मी टेबलावरून उठवून खुर्चीवर का बसवू? तू आता टेबलावर काय कामाची? तिथं बस, मुली घे, त्यांच्याकडून करून घे. तुला कामातलं कळतं, आणि तू सोडून कुठं जाणार नाहीस."

म्हणजे हे बक्षीस नव्हतंच. दोघींचं काम बघते, असं म्हणत ही बाई आमचे हात बघत होती. कुणाचे आधी संपतात.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं तर आधी सांगितलं का नाही? मोजे घाल, पंखा नीट बसव, काहीतरी?" तर म्हणाल्या, "मोजे घातले की हात मंदावतो. आणि गिऱ्हाइकांना वाटतं, आपल्याला रोग आहे म्हणून घातलेत." ते लाल नख थुंकी लावून परत चिकटवलं. थुंकी!

मला उठून जायचं होतं. किल्ली टेबलावर ठेवली होती त्यांनी. मी घेतली.

१३ एप्रिल, सोमवार

जागा बघून आले. खिडक्या आहेत, तीन. उघडतातही. भिंतींना नुकताच रंग दिलाय. एकटीच उभी राहिले मधोमध आणि मोठ्यानं म्हटलं, इथं तसं होणार नाही. जाड मोजे सगळ्यांना. धूळ ओढून घेणारं यंत्र प्रत्येक टेबलाला. येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी सगळं सांगायचं, माझे हात दाखवून सांगायचं. मग हवं तर बस, नको तर जा.

खूप दिवसांनी बरं वाटलं. जिना उतरताना टिकटिकला फोन करावासा वाटला, तिलाही सांगावं म्हणून. मग म्हटलं, आधी आपलं बस्तान बसू दे.

१६ एप्रिल, गुरुवार

यंत्रांचं मॅडमना विचारलं. "पुढच्या वर्षी बघू." जाड मोज्यांचं विचारलं. "त्या मोज्यांत बारीक काम करून दाखव, मग घेऊ." करून बघितलं. नाही जमलं. नख कसलं, बटाटा धरल्यासारखं वाटत होतं.

"आणि एक," म्हणाल्या, "मुली नाही मिळाल्या तर दुकान उघडत नाही. मग तुझंही काही खरं नाही."

हे बोलताना गिऱ्हाइकाकडे बघून हसत होत्या.

दिवसभर खिडक्या उघड्या ठेवायच्या, असं मी मनाशी ठरवलं. एसी लावला की बंद कराव्या लागतील, हे मागाहून लक्षात आलं.

२० एप्रिल, सोमवार

आज मुली बघितल्या. आल्या आल्या सगळ्यांना हात टेबलावर ठेवायला सांगितले. एकीच्या बोटांना आधीच भेगा होत्या, तिला नको म्हटलं. बाकी तिघींचे हात सुरेख. मऊ, स्वच्छ, कुठं ओरखडासुद्धा नाही. तिघींनाही घेतलं. शेवटची निघताना दारातून परत आली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? यानं हातांना काही होत नाही ना?"

मी म्हटलं, नाही.